एकेचाळीस सेकंद

हजेरीचा कागद हॉलभर फिरून शेवटी श्रेयापुढं आला. शिपाई म्हणाला, "मॅडम, खाली सही करा. पाहुण्यांची पण लागते." मॅडम! गेल्या वर्षी हाच बाबा लायब्ररीच्या दारात "ए पोरी, बॅग बाहेर" म्हणून खेकसायचा. तिला हसू आलं. पेनाचं टोपण काढलं आणि सहज, अगदी सहज, तिची नजर नावांवरून खाली घसरली. चौदाव्या ओळीत निळ्या शाईनं, घाई न करता काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: शेख आमरीन कय्युम. बस्स, एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. पण तिनं सही केली ती इतकी वाकडी आली, की तिची तिलाच ओळखू येईना.

हॉल तोच. दुसरा मजला, तिसरा पंखा जन्मापासून कुरकुरणारा, खिडकीच्या काचेवर मागच्या गणपतीतल्या चिकटपट्टीचे डाग. फक्त आज मागं बॅनर होता, 'इंटर्नशिपचं सोनं करा!' आणि त्याखाली कंपनीच्या निळ्या शर्टातला तिचा फोटो. प्लेसमेंट बघणारे काळे सर माईकवर तापले होते. "वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी! मेकॅनिकलची मुलगी! सहा महिने इंटर्नशिप केली आणि कंपनीनं उचलून घेतली. एकशे वीस जणांत एकटीला!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत इंद्रजीत सर बसले होते, पायावर पाय टाकून. वाळूजच्या त्या कंपनीत प्रॉडक्शनचे मोठे साहेब, आणि जुलैपासून श्रेयाचेही साहेब. हे भाषण आटोपलं की शेजारच्या खोलीत मुलाखती घेऊन ते जानेवारीसाठी सहा पोरं निवडणार होते. श्रेयाची स्वतःची नोकरी अजून कच्चीच होती. ती पक्की करायची की नाही हे डिसेंबरात तेच ठरवणार होते. त्यामुळं आज नीट बोलायचं, हसून बोलायचं, एवढं तिनं उस्मानपुऱ्याच्या खोलीवर आरशापुढं उभं राहून चारदा ठरवलं होतं. आमरीनचं तिच्या डोक्यातच नव्हतं. विसरले होते, असं ती आता स्वतःला सांगू लागली. पण माणूस कोणती गोष्ट विसरतो आणि कोणत्या गोष्टीवर गोधडी टाकतो, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

ती माईकपाशी गेली. समोर साठ-सत्तर तोंडं, त्यात मुली नऊ. यातली आमरीन कोणती? तिनं तिला कधी पाहिलंच नव्हतं. कंपनीतल्या कय्युमचाचांच्या मोबाईलमध्ये एक फोटो होता, दहावीच्या निकालाचा, गळ्यात शाळेनं घातलेला हार आणि हारामागं बारीकशी घाबरी मुलगी. "मेरी आमरीन भी तुम्हारेच कॉलेज में है बेटा," चाचा सांगायचे. "सेकंड इयर. मशीनचंच शिकते. तिला एकदा भेट, दोन शब्द सांग. कंपनीत मशीनवर, फ्लोरवर पोरी उभ्या राहतात म्हन, कोणी खात नाही म्हन." श्रेया दर वेळी "हो चाचा, नक्की" म्हणायची. दर वेळी. कॉलेज लांब नव्हतं, फोन नंबरही घेतला होता. आता ती नऊ चेहऱ्यांवर चाचांच्या जाड, मधेच एक तुटलेली भुवई शोधत होती आणि तोंडानं म्हणत होती, "गुड मॉर्निंग मित्रांनो. पहिली गोष्ट, प्रश्न विचारायला लाजू नका." पडद्यावरही तेच होतं. स्लाईडी काळे सरांनीच करून दिल्या होत्या. कोपऱ्यात बल्बचं चित्र.

प्रश्न! पहिल्या दिवशी तिला काय विचारावं तेच कळत नव्हतं. मोठ्ठी शेड, तेलाचा वास, आणि आवाज असा की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. तिला आठव्या लाइनवर टाकलं. तिथं शेजारी-शेजारी दोन मशीन, स्कूटरचे शाफ्ट कापायची. एकावर शेख कय्युम, नोकरीला सव्वीस वर्षं झालेला कायम कामगार, चष्म्याला दोरी बांधलेली. दुसऱ्यावर आकाश, ठेकेदाराचा माणूस, तिच्याच वैजापूरचा, नुकतंच लग्न झालेला. ऑफिसातून आलेलं माणूस म्हणून दोघं पहिले आठ दिवस तिच्याशी हां-हूंच्या पुढं गेले नाहीत. मग एका दुपारी चाचांनी स्वतःचं स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं. "बैठ. सुबह से खडीच है. साहेब नाय बघत आता." एवढंच. त्या स्टुलावरून तिचं खरं शिक्षण सुरू झालं. चार वर्षं पुस्तकात वाचलेलं टूल कसं झिजतं, ते चाचांनी तिला आवाजावरून शिकवलं. मशीन चालू असताना मधेच त्यांची तुटकी भुवई वर जायची, "सुनी? अब रो रही. पन्नास पीस और, मग टूल बदलायचा." ती मोजायची. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला पीस बिघडायचाच. ती घरी जाऊन सगळं वहीत उतरवायची. कॉलेजनं दिलेली इंटर्नशिपची वही, रोज एक पान.

आणि डबा. कॅन्टीनमध्ये इंटर्नना वेगळं टेबल होतं, तिथं सार्थक आणि बाकीची पोरं मोबाईलमध्ये माना घालून जेवायची. ती आठव्या लाइनच्या बाकावर जाऊ लागली. चाचा हर्सूलहून यायचे, पहाटेच्या बसनं, पण डबा कधी शिळा नसायचा. फहमिदाचाचींच्या हातची अंबाडीची भाजी तिनं एकदा खाल्ली आणि "आमच्या आजीसारखी झालीय" म्हणाली, तर दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या पिशवीत एक छोटा डबा जास्तीचा. झाकणावर ओळखू यावा म्हणून लाल दोरा बांधलेला. आकाश चिडवायचा, "च्यायला, आम्ही दोन वर्षं झालं बसतो, आम्हाला नाय कधी दोरा बांधला!" चाचा रोज्याच्या महिन्यात स्वतः जेवत नव्हते, तरी डबा आणायचे. समोर बसून तिला खाताना बघायचे आणि म्हणायचे, "खा, खा. तेरा थोडी रोजा है."

"दुसरी गोष्ट," श्रेया माईकवर म्हणाली, "तिथल्या लोकांचा विश्वास मिळवा. नुसतं ऑफिसात बसून काही कळत नाही. ऑपरेटर लोकांकडं खूप ज्ञान असतं." मधल्या रांगेत एक मुलगी खाली मान घालून भराभर लिहीत होती. खरं तर बरेच जण लिहीत होते. पण त्या मुलीनं लिहिता लिहिता पेन उचललं, क्षणभर थांबली आणि मान वर करून सरळ श्रेयाकडं पाहिलं. भुवया दिसण्याइतकी ती जवळ नव्हती. श्रेयानं बाटलीतलं पाणी प्यायलं, आणि इंद्रजीत सरांनी मोठ्या प्रेमानं मान हलवली.

आठव्या लाइनवर, म्हणजे सगळ्याच लाइनींवर, एक रीत होती. ती कुणी लिहिलेली नव्हती, कुणी शिकवतही नव्हतं. ऑफिसातला माणूस स्टॉपवॉच घेऊन शेडमध्ये शिरला, की कुठल्यातरी ट्रॉलीवर पान्हा दोनदा वाजायचा. टण्, टण्. झालं! सगळ्या शेडचे हात जड व्हायचे. एरवी एकदा पुसला जाणारा पीस दोनदा पुसला जायचा, मापाचं गेज दोनदा लावलं जायचं, मशीनचं दार देवघराचं असल्यासारखं हळुवार लागायचं. घड्याळवाला अठ्ठावन्न सेकंद लिहून घेऊन जायचा. त्या अठ्ठावन्नमध्ये मशीनचं कापणं एकोणतीस आणि माणसाच्या हाताचं काम एकोणतीस. तो हिशोब सगळ्यांना ठाऊक होता. साहेबालाही वास यायचा. पण वास आणि पुरावा यांत फरक असतो, आणि त्या फरकात शेड जगत होती.

हे तिला कसं कळलं? चाचांनीच दाखवलं, दुसरं कोण. मार्चमधली गोष्ट. महिन्याच्या आढाव्यात इंद्रजीत सरांनी तिचं प्रेझेंटेशन दोन मिनिटांत बंद करायला लावलं. "यात नवीन काय आहे? अठ्ठावन्न तर बोर्डावर लिहिलंय. सार्थक बघ, सेन्सर बसवतोय. तू सहा महिने इथं हवा खायला आलीस का? मुलींना फ्लोरवर घेऊ नये म्हणतात ते उगीच नाही." सगळ्यांदेखत. ती स्टोअरच्या बोळात जाऊन रडली, मालाच्या खोक्यांमागं, आवाज न करता. चाचा तिकडून हातमोजे घ्यायला आले होते. तिला बघून तसेच मागं फिरले. दुसऱ्या दिवशी मात्र जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी दहा मिनिटं, आकाश पाणी प्यायला गेलेला बघून, म्हणाले, "घडी निकाल."

"कशाला चाचा?"

"निकाल तो. आज असली टाइम बघ. फक्त तुझ्या शिकण्यासाठी हां. कागज पे अठ्ठावनच लिखना. समझी?"

आणि मग तिनं जे बघितलं ते तिला मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं. बावन्न वर्षांच्या माणसाचे हात. कोपरानं दार उघडलं जातंय, डाव्या हातानं झालेला पीस बाहेर, उजव्यानं नवा आत, हवेची फुंकर मधल्या मधे, दार बंद, आणि मशीन कापत असताना मागच्या पिसाला गेज. एकही हालचाल वाया नाही, घाईही नाही. ओठांवर रोज्यानं पांढरी रेघ उमटलेली आणि चेहऱ्यावर शाळकरी पोराचं हसू. दहा पीस काढले. एकेचाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, चाळीस, एकेचाळीस. हाताचं काम बाराच सेकंद! तिच्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही तिनं कॉलेजात चार वर्षांत पाहिलं नव्हतं. दहावा पीस ठेवून चाचांनी पाठ धरली आणि श्वास टाकला. "देखी? असं रोज आठ तास नाय होत. मग मधले सतरा सेकंद कशाला ठेवलेत? आकाशला मुतायला जायचं असतं, माझी पाठ धरती, कधी माल खराब येतो, कधी घरून फोन येतो. त्या सतरा सेकंदांत आदमी रहता बेटा. बाकी टाइम मशीन रहती." तिनं मान डोलवली. घरी जाऊन वहीत लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं, म्हणजे खोडता येईल. खोडलं नाही.

"तिसरी गोष्ट, रोज नोंदी ठेवा," ती हॉलमध्ये म्हणत होती. "छोटी गोष्टसुद्धा कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही." आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. भोंग्यातून यावा तसा.

मेमधली ती खोली. एसी इतका की हाताची नखं निळी. शेवटचा आढावा, नोकरी एकच, सार्थकचा सेन्सर चाललेला, सगळे खूश. मग तिची पाळी. अठ्ठावन्नाचा तक्ता लावला. इंद्रजीत सरांनी चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "श्रेया, तू इतके महिने त्यांच्यात बसून जेवलीस. मला एक सांग, हे अठ्ठावन्न खरे आहेत का?" ती 'हो सर' म्हणू शकत होती. दोन शब्द. पुढं कितीतरी रात्री तिनं ते दोन शब्द अंथरुणात म्हणून बघितले, किती सोपे येतात ते. पण तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं बापू आले, वैजापूरच्या तहसीलमध्ये टेबलाटेबलावर फाइली पोचवणारे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमची पोरगी कंपनीत चिकटती बघा आता" सांगणारे. स्टोअरचा बोळ आला. सार्थकचं ओठ मुडपून हसणं आलं. आणि ती म्हणाली, "नाही सर. एकेचाळीस होतात." वही काढून दाखवली. पेन्सिलीनं लिहिलेलं पान त्या मोठ्या टेबलावरून हातोहात फिरलं. सर खुर्चीत मागं रेलून हसले. "हाताचे बारा? म्हणजे एका माणसाला दोन मशीन!" हे त्यांना कळायला तीन सेकंदसुद्धा लागले नाहीत. तिलाही ते आधीच कळलं होतं. वहीत त्याच रात्री बेरीज मांडली होती तिनं. मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा तिला उरली नव्हती.

नंतर तिनं मनाशी एक ढाल केली. मी खोटं बोलले नाही. इंजिनिअरनं खोटं बोलू नये. खोटं तर शेड बोलत होती! ढाल चांगली जड होती, तीन-चार आठवडे टिकली. मग जूनच्या पहिल्या तारखेला आकाशचं कार्ड गेटवर चाललं नाही. हिरवा दिवा लागेना. तो दोनदा, तीनदा कार्ड घासत राहिला आणि मागची रांग ओरडत होती, "अरे पुढं हो ना भाऊ!" ती त्याच रांगेत होती. तिनं रांग बदलली.

आठव्या लाइनवर आता चाचा एकटे. या मशीनवरून त्या मशीनवर, त्या मशीनवरून या मशीनवर. स्टूल काढून नेलं, बसायला वेळच नव्हता तर ठेवायचं कशाला. आणि शेडनं ठरवून टाकलं, की कय्युमनं घड्याळाला हात मोकळा दिला. साहेबाला खूश करायला दिला. दुसरं कोण देणार? तो वेग एकट्या त्याचाच. कॅन्टीनमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. तिनं एकदा काचेतून बघितलं, लांब बाकावर एकटा माणूस, पुढं एक डबा. लाल दोऱ्याचा दुसरा डबा नव्हता. ती जुलैपासून साहेब लोकांच्या टेबलावर जेवत होती आणि आठव्या लाइनवर जायचं टाळायला पार स्टोअरच्या मागून वळसा घेत होती. गाठ पडलीच तर चाचा पूर्वीसारखंच हात कपाळाला लावायचे, "सलाम बेटा," आणि चालायला लागायचे. त्यांना आता थांबायला वेळ नसायचा. तिला ते बरंच वाटायचं.

मागच्या रविवारी बापूंचा फोन. "अगं, तुझ्या कंपनीतला तो आकाश इथं मार्केट यार्डात भेटला. कांद्याच्या गोण्या उचलतो. लई चांगलं बोलला तुझ्याबद्दल. म्हणे, श्रेयाताईनं कधी साहेबपणा दाखवला नाय." ती "हो का" म्हणाली. मागून आईचा आवाज आला, कुठल्यातरी चुलत नातेवाइकाला शिव्या घालत होती, नेहमीच्या: "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात!" आई तिला बोलत नव्हती. पण श्रेयानं फोन कानापासून लांब धरला.

एक आशा मात्र होती तिला. इंद्रजीत सरांनी युनियनच्या लोकांना सांगितलं होतं, की वेळ कॉम्प्युटरनं काढली, मशीनच्या आतल्या नोंदींवरून. हे त्यांनी तिच्यावर उपकार म्हणून केलं नव्हतं, पुढचे आकडे काढायला तीच लागणार होती म्हणून केलं होतं. ती गप्प बसली. शेडला ते पटलं नव्हतं, पण चाचांना तरी वाटत असेल, मशीननं दगा दिला. आपलं नाव नाही कळणार त्यांना. नाहीतर सलाम कशाला केला असता? रोज बसमध्ये वाळूज येईपर्यंत ती हेच स्वतःला समजावत यायची, आणि रोज गेटवर हिरवा दिवा लागला की छातीतलं ओझं थोडं हलकं व्हायचं.

"तर मित्रांनो, थोडक्यात काय, संधीचं सोनं करा. थँक यू." टाळ्या. काळे सर उठले, "कुणाला प्रश्न?" मधल्या रांगेतली मुलगी उभी राहिली. तीच. काळे सरांकडून दुसरा माईक घ्यायला ती पुढं आली तेव्हा श्रेयाला भुवई दिसली, जाड आणि अखंड. तुटलेली तेवढी नव्हती.

"ताई, कंपनीत टाइम स्टडी करतात ना, घड्याळ लावून," आमरीनचा आवाज स्वच्छ होता, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीचा. "समजा एखाद्या ऑपरेटरनं विश्वासानं खरा वेळ दाखवला. फक्त शिकण्यासाठी. आणि कागदावर लिहू नको म्हणाला. तर आपण काय करायचं?"

तिसरा पंखा कुरकुरत होता. इंद्रजीत सर खुर्चीत वळून त्या मुलीकडं बघायला लागले, मग श्रेयाकडं. हॉलमध्ये कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. आणि श्रेयाच्या जिभेवर उत्तर तयार होतं, अगदी तयार. तो आकडा द्यायचा नाही. मी दिला. माझं चुकलं. तोंड उघडलं गेलं. एवढं बोललं असतं तर काय झालं असतं? डिसेंबर समोर होता. बापू होते. बॅनरवरचा फोटो मागून हसत होता. माईक हातात घामानं निसटायला लागला. मनात सवयीनं सेकंद मोजले जात होते, बारा झाले.

"चांगला प्रश्न आहे," ती म्हणाली. "पण बघा, इंजिनिअरनं डेटाशी प्रामाणिक राहायचं असतं. नाती वेगळी, काम वेगळं. खरा आकडा आहे तो द्यायलाच हवा."

"व्वा!" इंद्रजीत सरांनी स्वतः टाळी वाजवली. मग मागं वळून म्हणाले, "आणि प्रश्नही फर्स्ट क्लास. नाव काय तुझं?"

"आमरीन शेख, सर."

आमरीननं बसून ते उत्तर वहीत लिहून घेतलं. सगळं, शब्द न शब्द. श्रेया बघत होती.

बाहेर व्हरांड्यात मुलाखतीची रांग लागली. काळे सरांनी कागदी प्लेटमध्ये दोन समोसे आणून तिच्या हातात दिले. आमरीन रांग सोडून स्वतःच तिच्याजवळ आली. जवळून ती त्या फोटोतल्यासारखीच बारीक होती, घाबरी मात्र नव्हती.

"ताई, मी कय्युमभाईंची."

"माहितीये. कशी आहेस? चाचा... चाचा बरे आहेत ना?"

"गुडघा सुजतो. दोन मशीनच्या मधी चालणं लई होतं ना दिवसभर."

"मला फार वाईट वाटलं गं. त्या कॉम्प्युटरनं सगळं..." आताही! आताही तिच्या तोंडून तेच निघालं.

"नाय ताई." आमरीन अगदी हळू बोलत होती, आजूबाजूच्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढी काळजी ती घेत होती. "कॉम्प्युटरला मशीनचे एकोणतीसच माहीत. हाताचे बारा अब्बूंनी सव्वीस वर्षांत दहाच पिसांना दाखवले. तेव्हा तिथं तुम्ही एकट्याच होता. अब्बूंना पहिल्या दिवशीच कळलं."

श्रेयानं प्लेट दुसऱ्या हातात घेतली.

"मग बोलले का नाहीत? शेडमध्ये सगळे त्यांनाच..."

"अम्मी पण हेच म्हणाली. अब्बू म्हणाले, सांगितलं तर लोक म्हणतील, बघा, पोरीला फ्लोरवर घेतलं की असं होतं. मग पुढच्या पोरीला कोण स्टूल देईल." ती जरा थांबली. "आज मला म्हणाले, एकदा विचारून बघ. कदाचित बोलेल."

कदाचित बोलेल. म्हणजे आज सकाळपर्यंत त्या माणसाला वाटत होतं. दोन मशीनच्या मधे चालताना, एकटं जेवताना, सलाम करताना वाटत होतं. श्रेयाला धाय मोकलून रडावंसं वाटलं, त्या पोरीचे हात धरावेसे वाटले. पण व्हरांडाभर ओळखीची माणसं होती आणि हातात समोसे होते. तिनं विचारलं ते भलतंच. "तू मुलाखतीला जाणार आहेस?"

"जाणार ना. त्यासाठीच तर आले." आमरीननं वही बॅगेत टाकली आणि चेन लावली. "अब्बू म्हणाले, जा. सगळं शिक, सगळ्यांना चाचा म्हन, मामा म्हन. फक्त कुणाच्या डब्यातलं खाऊ नको."

"शेख आमरीन!" दारातून शिपायानं हाक मारली. ती गेली. दार अर्धं उघडं होतं, आतून इंद्रजीत सरांचा खूश आवाज आला, "ये, ये. तुझं आम्ही हॉलमध्येच ठरवलंय. श्रेयाच्या हाताखाली टाकतो तुला, आठव्या लाइनवर. तिथं तिसरं मशीन जोडायचंय. स्टॉपवॉच धरता येतं का?"



"येतं सर," आमरीन म्हणाली, आणि शिपायानं दार ओढून घेतलं.

काळे सर मागून आले, श्रेयाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अगं, धरून काय बसलीस? खा की, समोसा गार होतोय."

"खाते ना सर," श्रेया म्हणाली, आणि तिनं तो खाल्ला.